वर्डल: उत्तर न फोडता वाटता येणारे कोडे

मराठीत कोडे ‘घालतात’, आणि या क्रियापदात दोन बाजू आधीच गृहीत धरलेल्या असतात. घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, सोडवणारा चाचपडत असतो, आणि तो ‘हरलो’ म्हणेपर्यंत घालणाऱ्याचे मिस्कील हसू काही मावळत नाही. वर्डल या इंग्रजी शब्दखेळाने ही मांडणी मोडली. त्यात दिवसाला एकच शब्द असतो, तो सर्वांना सारखाच असतो आणि खेळणाऱ्यांपैकी कोणालाच तो आधी ठाऊक नसतो, त्यामुळे कोडे पाठवणारा आणि ज्याला ते पाठवले तो, दोघेही एकाच बाजूला उभे राहतात. शब्दकोडी इतरांबरोबर सोडवण्याची आवड असलेल्यांना मी हा खेळ सुचवतो तो मुख्यतः याच कारणासाठी.

खेळ समजायला दोन मिनिटे पुरतात. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी असेल तर चौकोन हिरवा होतो, अक्षर शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळा, आणि ते शब्दात नसेलच तर करडा. जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर अभियंत्याने तो आपल्या जोडीदारासाठी तयार केला. इंग्रजीतील पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार भरतात. त्यांतून ओळखीचे असे अडीच हजारांच्या आसपास शब्द त्या जोडीदारानेच निवडले. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर कळल्यावर ‘असा शब्द असतो तरी का?’ अशी चिडचिड या खेळात क्वचितच होते, आणि वाटून सोडवायच्या कोड्यात उत्तराबद्दलची ही खात्री सर्वांत आधी लागते.

खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो खेळणारे ९० जण होते. २ जानेवारी २०२२ रोजी ही संख्या तीन लाखांवर गेली होती. या मधल्या काळात घडलेली एक गोष्ट निर्णायक ठरली. न्यूझीलंडमधील काही खेळाडू आपले प्रयत्न रंगीत चौकोनांच्या चिन्हांनी, हाताने टंकून एकमेकांना पाठवत होते. ती युक्ती पाहून वॉर्डल यांनी डिसेंबरमध्ये निकाल त्याच रूपात आपोआप पाठवण्याची सोय केली. जानेवारीअखेर न्यूयॉर्क टाइम्सने हा खेळ विकत घेतला.

त्या चौकोनांच्या जाळीत एकही अक्षर नसते, तरीही ती बरेच काही सांगते. पहिल्या दोन ओळी करड्या आणि तिसरी एकदम हिरवी असेल, तर नशिबाने हात दिला हे दिसते. दुसऱ्याच ओळीपासून शेवटचे चार चौकोन हिरवे आणि पहिला मात्र प्रत्येक ओळीत करडा असेल, तर बिचारा ‘लाइट’च्या सापळ्यात अडकला असावा, अशी शंका जाणकाराला येते. ‘फाइट’, ‘लाइट’, ‘माइट’, ‘नाइट’, ‘राइट’, ‘साइट’, ‘टाइट’ यांचे इंग्रजी स्पेलिंग फक्त पहिल्या अक्षरात वेगळे आहे, म्हणून एकेक शब्द लावून पाहणाऱ्याचे सहा प्रयत्न सहज संपतात. अशा वेळी जिंकण्याचा मोह सोडून ‘फिल्म्स’सारखा शब्द टाकावा, त्यात यांपैकी चार शब्दांची आद्याक्षरे एका फटक्यात तपासली जातात. खेळाच्या कठीण प्रकारात मात्र मिळालेली अक्षरे पुढच्या प्रत्येक प्रयत्नात वापरावीच लागतात, त्यामुळे ही पळवाट बंद होते.

हाच साचा देवनागरीत बसवणे वाटते तितके सोपे नाही. उत्तर ‘पुस्तक’ आहे आणि आपण ‘पालक’ लिहिले असे समजू. शेवटचा ‘क’ हिरवा होईल, परंतु ‘पा’ला कोणता रंग द्यायचा? व्यंजन बरोबर आहे, जागाही बरोबर आहे, चुकला तो केवळ काना. तीन रंगांत ही गोष्ट सांगता येत नाही. चौथा रंग घ्यावा लागतो, किंवा व्यंजन आणि स्वरचिन्ह वेगवेगळे मोजावे लागतात. आणि जोडाक्षराचा हिशेब तेव्हाही उरतोच.

तर्ककोड्यांना मात्र अशी जाळी सहसा लाभत नाही. एप्रिल २०१५ मध्ये सिंगापूरच्या एका गणित स्पर्धेतील ‘शेरिलचा वाढदिवस’ हे कोडे जगभर फिरले. दहा तारखा दिलेल्या असतात. एका मित्राला फक्त महिना कळतो, दुसऱ्याला फक्त दिवस, आणि दोघांच्या तीन वाक्यांवरून तारीख काढायची असते. कोडे देखणे आहे (उत्तर मी अर्थातच लिहीत नाही), पण ते वाटण्याची पद्धत तीच जुनी. ‘मला आले’ एवढेच कळवले तर समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि कसे आले ते कळवले तर त्याच्यासाठी काही उरत नाही. तर्ककोड्यात वाट आणि उत्तर एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एक झाकून दुसरे दाखवता येत नाही. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राचाच २०२३ मधील ‘कनेक्शन्स’ हा खेळ, ज्यात सोळा शब्दांचे चार गट पाडायचे असतात, या दृष्टीने थोडा पुढे जातो. मात्र त्याचे अनेक गट अमेरिकी बोलीवर आणि ब्रँडांच्या नावांवर आधारलेले असल्याने, तर्क बरोबर असूनही परका सोडवणारा अडतो.

वर्डलमधील मोठी उणीव त्या जाळीतच आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला ती एकेका चौकोनाचे नाव उच्चारून ऐकवली जाते, आणि सहा ओळींचे तीस चौकोन ऐकता ऐकता पहिली ओळ विसरायला होते. ज्यांना हिरव्या-पिवळ्यातला फरक दिसत नाही त्यांच्यासाठी नारिंगी आणि निळ्या रंगांचा पर्याय आहे, तो मात्र उत्तम चालतो. अंध मित्राला पाठवताना चौकोन वगळून ‘दुसऱ्या ओळीत दोन हिरवे, तिसऱ्यात फसलो, चौथ्यात सुटले’ असे शब्दांत लिहावे. त्याला अर्धे मिनिट लागते आणि उत्तरही फुटत नाही.