जागतिक ऊर्जासाधनांचा भित्तिनकाशा : तीन महिन्यांच्या वापरानंतर

जगातील ऊर्जासाधने आणि त्यांची ठिकाणे दाखवणारा एक मोठा भित्तिनकाशा मी तीन महिन्यांपूर्वी घेतला. तो सुमारे १.३ मीटर रुंद असून सोबत एक छोटी माहितीपुस्तिका आणि स्थलनामांची सूची मिळते. प्रकाशनसंस्थेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण पुढे सांगितलेले बरेचसे दोष या जातीच्या बहुतेक नकाशांत आढळतात आणि एकाच्याच माथी खापर फोडण्यात अर्थ नाही. छपाई स्वच्छ आहे, रंग डोळ्यांना खुपत नाहीत आणि अक्षरे दोन हातांवरून वाचता येतात. माझी मुख्य तक्रार मात्र छपाईविषयी नसून नकाशामागच्या कल्पनेविषयी आहे. हा नकाशा प्रत्येक ऊर्जासाधनाकडे कुठेतरी पडून असलेला साठा म्हणून पाहतो. कोळशाच्या बाबतीत ही दृष्टी उत्तम चालते, तेलाच्या बाबतीत अर्धीमुर्धी चालते आणि वारा, ऊन व पाणी यांच्यापाशी आली की तिची पंचाईत होते.

कोळशाचे काम सर्वांत सरस उतरले आहे. येथे ठिपके न देता कोळशाची खोरी खऱ्या आकारात काळ्या पट्ट्यांनी रंगवली आहेत. अमेरिकेतील अपलाचियन डोंगररांगा, वेल्स, जर्मनीतील रूर, पोलंडमधील सायलेशिया आणि युक्रेनमधील दोनबास हे पट्टे एका नजरेत आले की त्यांच्यात काही नाते असावे अशी शंका येते, आणि ती खरीही आहे. सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस कालखंडात हे सर्व प्रदेश विषुववृत्ताजवळ होते आणि तेथील दलदलीच्या अरण्यांतील वनस्पती गाडल्या जाऊन त्यांचा दगडी कोळसा बनला. पुढे भूखंड सरकले आणि हे पट्टे आजच्या जागी जाऊन विखुरले. पुस्तिकेत याला केवळ दोन वाक्ये दिली आहेत. मला तर केवळ याच एका गोष्टीसाठी नकाशा भिंतीवर लावावासा वाटला. लिग्नाइट म्हणजे कमी प्रतीच्या तपकिरी कोळशासाठी वेगळी करडी छटा वापरली आहे, तीही योग्यच, कारण ऑस्ट्रेलियातील लाट्रोब खोऱ्याच्या लिग्नाइटमध्ये वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणीच असते आणि असा कोळसा दूर वाहून नेणे परवडत नाही. वीजकेंद्रच त्याच्यापाशी न्यावे लागते.

मात्र याच काळ्या रंगात पहिली मेख आहे. रूर आणि चीनमधील शान्शी हे दोन्ही प्रदेश सारख्याच गडद रंगात आहेत. रूरच्या बोट्ट्रोप गावातील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तर जगातील कोळशाच्या एकूण उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक आज एकट्या चीनमधून निघते. रूरखाली कोळसा अजून आहे, म्हणून रंग खोटा नाही असे प्रकाशक म्हणू शकेल. पण चिन्हसूचीत केवळ ‘कोळसा’ असा एक शब्द आहे. तो जमिनीतला साठा, काढण्याजोगा साठा की प्रत्यक्ष उत्पादन, हे कुठेच सांगितलेले नाही. ज्या नकाशाचा सारा भर ‘कुठे’ या प्रश्नावर आहे, त्याने ‘काय’ हे आधी सांगायला हवे होते.

तेलाकडे वळल्यावर मी पट्टी हातात घेतली. येथे देशागणिक सिद्ध साठ्यांची, म्हणजे खात्रीने काढता येण्याजोग्या मानलेल्या तेलाची, तपकिरी वर्तुळे दिली आहेत. कुवेतचे वर्तुळ ६ मिलिमीटर व्यासाचे आणि व्हेनेझुएलाचे १८ मिलिमीटरचे भरले. कुवेतचा साठा सुमारे १०,००० कोटी पिंपे (बॅरल) आणि व्हेनेझुएलाचा सुमारे ३०,००० कोटी पिंपे मानला जातो, म्हणजे प्रमाण एकास तीन. परंतु व्यास तिप्पट केला की क्षेत्रफळ नऊपट होते आणि डोळा व्यास पाहत नाही, क्षेत्रफळ पाहतो. परिणामी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकावर तेलाचा एक अक्राळविक्राळ फुगा बसला आहे आणि कुवेत त्याच्यापुढे किरकोळ दिसतो. नकाशा काढणाऱ्याने वर्तुळाचे क्षेत्रफळ साठ्याच्या प्रमाणात ठेवायचे असते. हा धडा इतका प्राथमिक आहे की तो चुकलेला पाहून वाईट वाटते.

शिवाय व्हेनेझुएलाचा फुगा दुसऱ्या अर्थानेही फसवा आहे. तेथील बहुतेक साठा ओरिनोको नदीच्या पट्ट्यातील अतिजड तेलाचा आहे. ते काकवीसारखे दाट असल्याने त्यात हलके तेल मिसळल्यावाचून किंवा त्यावर प्रक्रिया केल्यावाचून ते नळातून वाहत नाही. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील तेलवाळूचीही गत तशीच आहे. तिथे डांबरासारखा पदार्थ वाळूला चिकटून असतो आणि तो उकरून किंवा जमिनीत वाफ सोडून सुटा करावा लागतो. सौदी अरेबियाच्या घवार क्षेत्रातून सहज वाहून येणारे पिंप आणि हे पिंप नकाशावर एकाच रंगात दाखवणे म्हणजे विहिरीचे पाणी आणि बर्फ एकाच मापाने मोजण्यासारखे आहे.

घवारबद्दल मात्र नकाशाला शाबासकी द्यायला हवी. खालच्या कोपऱ्यात इराणच्या आखाताचा १ : ५० लाख प्रमाणाचा स्वतंत्र नकाशा आहे आणि त्यात तेलक्षेत्रे वर्तुळांनी नव्हे तर खऱ्या आकारात आहेत. घवार तेथे सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांब आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद अशा उत्तर-दक्षिण रेघेसारखे दिसते. प्रत्यक्षात त्याची लांबी सुमारे २८० किलोमीटर भरते. खडकांचे थर एका लांबट घडीत वर उचलले गेले, त्यावर तेलाला वाट न देणारा थर झाकणासारखा बसला आणि खालून वर सरकणारे तेल त्या घडीच्या माथ्याशी अडकले, हे सारे त्या बारीक आकारातून कळते. शेजारी समुद्रात इराण आणि कतार यांच्यामध्ये विभागलेले, सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरचे जगातील सर्वांत मोठे वायुक्षेत्र आहे. सीमारेषा त्याच्या मधून जाते. एकाच विहिरीवर दोघांनी मोटा लावाव्यात तसा हा प्रकार आहे. दुर्दैवाने माझ्या प्रतीत कागदाची एक घडी नेमकी याच चौकटीतून गेली असून होर्मुझची सामुद्रधुनी आताच झिजून पांढरी पडली आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एकपंचमांश तेल ज्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडते, तीच नेमकी पुसली जावी, हा योगायोग हसू आणणारा आहे.

नैसर्गिक वायूच्या लाल त्रिकोणांत सायबेरियाचा यमाल द्वीपकल्प डोळ्यांत भरतो, पण त्याला प्रक्षेपणाचाही, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचाही, हातभार लागला आहे. मर्केटर प्रक्षेपण निवडल्यामुळे ७० अंश अक्षांशावरील क्षेत्रफळ विषुववृत्ताच्या तुलनेत सुमारे साडेआठपट फुगते. जहाजाच्या कप्तानाला दिशा धरण्यासाठी हे प्रक्षेपण सोयीचे आहे. साधनसंपत्तीची तुलना करण्यासाठी क्षेत्रफळांचे प्रमाण खरे राखणारे समक्षेत्र प्रक्षेपणच घ्यायला हवे होते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनचा त्रिकोणही अजून ठळक आहे. १९५९ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात वायू काढल्यामुळे जमीन खचू लागली, भूकंपाचे धक्के बसून घरांना तडे गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील उत्पादन थांबवण्यात आले. वायू शिल्लक असूनही तो काढायचा नाही असे एखादा देश ठरवू शकतो, या शक्यतेसाठी चिन्हसूचीत जागाच नाही.

युरेनियमच्या पिवळ्या चौकोनांपाशी सूचीत एक गंमतीदार चूक सापडली. ‘अथाबास्का’ या नावापुढे नकाशावरील एकाच चौकटीचा क्रमांक दिला आहे आणि तो आल्बर्टातील तेलवाळूवर नेऊन सोडतो. त्याच नावाचे, अत्यंत उच्च प्रतीच्या युरेनियमसाठी प्रसिद्ध असलेले खोरे शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात आहे. नकाशावर ते अचूक दाखवले आहे, सूची मात्र तेथवर पोहोचत नाही. बाकी ऑस्ट्रेलियात ज्ञात साठे सर्वाधिक, तर उत्पादन कझाकस्तानात सर्वाधिक, म्हणजे जगाच्या सुमारे ४० टक्के, हा भेद पुस्तिकेने नेमका सांगितला आहे. फ्रान्सवर एकही पिवळा चौकोन नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण तेथील शेवटची युरेनियम खाण २००१ मध्ये बंद झाली. पण आपल्या विजेतील सुमारे दोनतृतीयांश वाटा अणुभट्ट्यांतून मिळवणारा हा देश ऊर्जेच्या नकाशावर कोरा दिसतो. साठ्याचे ठिकाण आणि ऊर्जेचे ठिकाण वेगवेगळे असते, हे समजावून सांगण्यासाठी मी आता याच कोऱ्या जागेवर बोट ठेवतो.

जलविद्युतेच्या निळ्या चिन्हांमध्ये केवळ धरणाची स्थापित क्षमता, म्हणजे सर्व जनित्रे पूर्ण चालली तर मिळणारी शक्ती, दिली आहे : चीनचे थ्री गॉर्जेस २२,५०० मेगावॉट, ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरील इताइपू १४,००० मेगावॉट. आकडे बिनचूक आहेत, पण ते अर्धेच सांगतात. २०१६ मध्ये इताइपूने १०३ अब्ज युनिटहून अधिक वीज निर्माण केली आणि त्या वर्षी क्षमतेने दीडपट मोठ्या असलेल्या थ्री गॉर्जेसला मागे टाकले. इताइपूच्या पाराना नदीचा प्रवाह वर्षभर बराच समतोल राहतो, थ्री गॉर्जेसच्या यांगत्सेला मात्र पूर आणि कोरड असे दोन टोकांचे ऋतू असतात; जनित्र किती मोठे आहे यापेक्षा नदी वर्षातले किती दिवस भरून वाहते याला अधिक महत्त्व आहे. उलट काँगो नदीवरील इंगा धबधब्यांपाशी सुमारे ४०,००० मेगावॉटची शक्यता वर्तवली जाते आणि प्रत्यक्षात तेथे १९७२ व १९८२ मध्ये सुरू झालेली दोनच केंद्रे आहेत, ज्यांची एकत्रित क्षमता १,८०० मेगावॉटलाही पोहोचत नाही. नकाशावर इंगा एका बारीक ठिपक्याएवढे आहे.

भू-औष्णिक ऊर्जेचा भाग निर्दोष म्हणता येईल. भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, कडा फिक्या तांबड्या रेषेने दाखवल्यामुळे आइसलँड, केनियातील ओल्कारिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, न्यूझीलंड आणि कॅलिफोर्नियातील गीझर्स ही नावे एका सूत्रात ओवली जातात. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये जमिनीतील वाफेवर पाच दिवे पेटवण्यात आले, ही नोंदही आहे. भरती-ओहोटीला फ्रान्सचे ला रांस (१९६६) आणि दक्षिण कोरियाचे सिहवा (२०११) अशी दोन चिन्हे दिली आहेत, एवढी पुरेत.

सूर्य आणि वारा यांची मात्र चेष्टा झाली आहे. सहारा, अटाकामा आणि मध्य ऑस्ट्रेलिया यांवर एकेक हसरा सूर्य, तर पॅटागोनिया आणि उत्तर समुद्र यांवर एकेक पवनचक्की काढून काम उरकले आहे. तेल एका देशात असते आणि शेजारच्या देशात नसते, तसे उन्हाचे नाही. जगातील सर्वाधिक ऊन मिळणाऱ्या अटाकामा वाळवंटात वर्षाला एका चौरस मीटरवर जेवढी सौरऊर्जा पडते, ती उत्तर जर्मनीत पडणाऱ्या ऊर्जेच्या साधारण अडीचपट आहे, त्याहून फार अधिक नाही. म्हणूनच ढगाळ जर्मनीतही प्रचंड सौरक्षमता उभी राहू शकली. हा फरक चिन्हांनी नव्हे, हळूहळू गडद होत जाणाऱ्या छटांनी दाखवायचा असतो. अशा छटांचे सौर आणि पवन नकाशे आज सहज उपलब्ध असताना प्रकाशकाने लहान मुलांच्या चित्रांवर भागवावे, हे अनाकलनीय आहे.

आणखी एक गोष्ट खटकली. पुस्तिकेत लिथियमला पूर्ण पान मिळाले आहे. वस्तुतः लिथियम हे ऊर्जेचे साधन नसून ती साठवण्यासाठी लागणारा धातू आहे. याउलट आजही दोनशे कोटींहून अधिक माणसांच्या चुली ज्यांवर पेटतात, त्या लाकूड, शेणी आणि कोळसा या जळणापैकी लाकडाचा आणि शेणींचा उल्लेख ना नकाशात आहे ना पुस्तिकेत.

तरीही भूगोल शिकवणाऱ्याने किंवा स्वतः शिकणाऱ्याने हा नकाशा घ्यावा असेच मी म्हणेन. कोळसा, भू-औष्णिक ऊर्जा आणि आखाताची चौकट यांसाठी तो उपयुक्त आहे. मी रूर आणि ग्रोनिंगेनजवळ पेन्सिलीने बंद पडल्याची वर्षे लिहिली आहेत, व्हेनेझुएलाच्या वर्तुळात १० मिलिमीटर व्यासाचे योग्य वर्तुळ आखले आहे आणि हसऱ्या सूर्यांवर कागद चिकटवले आहेत. घेताना एवढे पाहावे की हा नकाशा घडीत आणि गुंडाळीत अशा दोन रूपांत मिळतो; गुंडाळीचाच घ्यावा, म्हणजे होर्मुझ शाबूत राहील.