मेबनची कार्यशाळा: पाचपैकी साडेतीन तारे, आणि त्यातले तीन गव्हाच्या काडाला

ब्रिस्टलहून तासाभरावर, सॉमरसेटमधल्या एका सफरचंदाच्या बागेत सप्टेंबरअखेरीस पेगन (निसर्गपूजक) मंडळींचा ‘मेबन’ हा सुगीचा सण साजरा होतो. दिवसभराचे माणशी ४५ पौंड. त्यात काडाची बाहुली विणायला शिकवतात, जेवण देतात आणि शेवटी आभाराचं रिंगण असतं. दोघीतिघींनी ‘जावं का?’ म्हणून विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माहितीपत्रक. त्यावर ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं बिनदिक्कत ठोकून दिलंय. शरद संपाताच्या (सप्टेंबरात सूर्य विषुववृत्तावर येतो त्या दिवसाच्या) सणाला मेबन हे नाव एडन केली या अमेरिकन माणसाने १९७०च्या दशकात दिलं. वेल्श कथांतल्या मेबनला तीन रात्रींचा असताना आईजवळून पळवून नेतात, त्याच्यावरून. सुगीचा आनंद जुना, याबद्दल वाद नाही, पण या नावाचा सण माझ्या आईहून लहान आहे. आणि ‘दिवस-रात्र समसमान’ म्हणाल, तर हवेमुळे प्रकाश वाकतो, त्यामुळे इंग्लंडात बरोबर बारा तासांचा दिवस संपातानंतर दोन-तीन दिवसांनी येतो. आयोजकांनी तरी कुठे पंचांग बघितलं होतं, शनिवार धरला होता!

पण काडाचं काम? त्यासाठी दुप्पट पैसे मोजले असते. पूर्वी इथे कापणीतली शेवटची पेंढी राखून तिची बाहुली करत. धान्याचा जीव हिवाळाभर तिच्यात राहतो अशी समजूत, मग नव्या हंगामात नांगराच्या पहिल्या सरीत तिला पुरायचं. हल्लीच्या गव्हाचं काड आखूड, त्याची वेणी होत नाही. आम्हाला दिलं होतं ते ‘मॅरिस विजन’ जातीचं. हा गहू १९६०च्या दशकात केंब्रिजला तयार झाला, आणि लांब, पोकळ काडामुळे छपरं शाकारणारे अजूनही तो मागतात. पेरं अजून हिरवी असतानाच तो कापतात, म्हणून काड चिवट राहतं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, बोलणं मोजकं, बोटं मात्र विजेसारखी. काड अर्धा तास पाण्यात भिजवून ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं. पाच काड्या ओंब्यांच्या खाली घट्ट बांधायच्या, चार दिशांना फाकवायच्या, एका दिशेला दोन. त्या दोनातली एक उचलून दोन काड्या ओलांडायची, जिथे पोचली तिथली उचलायची आणि पुढे. चौकोनी पीळ आपोआप वर चढतो. काडी संपली की तिच्या पोकळीत नव्या काडीचं बारीक टोक खुपसायचं. माझा पीळ मध्येच फुगला, तर बाई म्हणाल्या, “उलगडू नका, पोट सुटलंय असं समजा.” आमच्या राजापूरकडे नव्याला भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस आणि आंब्याचं पान बांधून दाराला लावतात. हे सांगितल्यावर त्यांनी गाठ कशी मारता ते करून दाखवायला लावलं. सुंभ नव्हतं, काडाचंच केलं.

जेवण ठीक. भोपळ्याचं सूप, पाव, चीज आणि बागेतला ताजा सफरचंदाचा रस. रस अप्रतिम, सूप अळणी. शाकाहारी लोकांची पंचाईत होत नाही.

रिंगण मात्र लांबलं. सफरचंद आडवं कापतात, आत पाच टोकांची चांदणी दिसते. ते हातोहात फिरवायचं आणि ज्याच्याकडे येईल त्याने एक आभार मानायचा, एक गोष्ट सोडून द्यायची. समतोल साधायचा म्हणे. एका बाईंनी घराच्या हप्त्यांपासून मांजरापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. बागेचा म्हातारा माळी एवढंच म्हणाला, “यंदा फांद्या मोडल्या नाहीत.” माझ्या मते तिथेच आटपायला हवं होतं.

जाताना मेणबत्ती, दालचिनी आणि ‘कृतज्ञता वही’ असलेली २५ पौंडांची पेटी गळ्यात मारायला बघतात. घेऊ नका, दालचिनी इंडियन स्टोअरमध्ये स्वस्त मिळते. दहा वर्षांखालची मुलं काडाला कंटाळतात, त्यांना नेऊ नका. बागेत चिखल असतो, बूट जुने घाला. सकाळच्या, काडाच्या सत्राचं वेगळं तिकीट २८ पौंडांना मिळतं, पण ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. तेच काढा.