सोपा दुभागायचा की गच्चीवर खोली चढवायची?

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, मंगळवार पेठेतलं जुनं घर म्हणजे पुढं सोपा (बाहेरची बैठकीची खोली), मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर. मुलं मोठी झाली की झोपायला खोल्या पुरत नाहीत.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जागा ऐसपैस मिळते, सोपाही मोकळा राहतो. पण मे महिन्यात पत्रा तापतो आणि जुलैच्या पावसात त्याच्या आवाजानं ना अभ्यास होतो, ना झोप लागते. महापालिकेची परवानगी लागते. जुन्या भिंती भार पेलतील का, हे इंजिनिअरनं बघितल्याशिवाय तर कामाला हातच घालू नये. आजी-आजोबांना रोजचा जिना नकोच.

सोप्यात प्लायवूडची किंवा जिप्समची आडभिंत कमी खर्चात, लवकर उभी राहते. 10 बाय 16 फुटांचा सोपा दुभागला तर 10 बाय 8 च्या खोलीत 3 बाय 6 चा पलंग आणि कपाट व्यवस्थित बसतं. एका बाजूला खिडकी नसेल तर भिंत छताला भिडवू नका, वर दीड फूट जाळी ठेवा. आवाज आरपार जाईल, पण वारा खेळेल.

माझा कौल आडभिंतीला. फक्त 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथं वरची खोलीच बांधा. भिजलेलं प्लाय आणि जिप्सम पुन्हा कामाचं राहत नाही, आणि पुरात माणसांना, धान्याला वर जागा लागतेच.