दोन पिनांचा मॉइश्चर मीटर: भिंतीतली ओल शोधायला कितपत कामाचा?

बुरशी पुसली, वर बुरशीरोधक रंग दिला, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच कोपऱ्यात पुन्हा काळे ठिपके. पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय रंगावर एक रुपयाही घालू नये. आधी हा मीटर घ्यावा.

दोन पिनांमधला विद्युतरोध तो मोजतो. ओल वाढली की रोध घटतो. मात्र मीटर लाकडासाठीच्या मापावर ठेवून गिलाव्यात टोचला आणि 22 दिसलं, तर भिंतीत 22 टक्के पाणी आहे असं मुळीच समजू नका. घरातली एक खात्रीची कोरडी भिंत निवडा, गिलावा आणि रंग तसाच असलेली. तिथे चार-पाच ठिकाणी टोचून आकडे लिहून ठेवा. मग त्याच दिवशी बुरशीच्या भिंतीवर पेन्सिलीने फूट-फूट अंतरावर खुणा करून प्रत्येक खुणेचा आकडा तिथेच लिहा.

हा नकाशा बोलतो. तळमजल्यावर आकडे जमिनीलगत सर्वांत जास्त आणि साधारण तीन फुटांवर उतरलेले, तर ओल जोत्यातून चढतेय. एकाच जागेभोवती गोल पसरलेले असतील तर आतल्या पाइपचा संशय घ्या: त्या लाइनचा व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि पुन्हा मोजा. बाथरूमच्या पाठच्या भिंतीत तळाशीच ओल असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बुचाने बंद करून दोन इंच पाणी 24 तास साठवा. आकडे चढले तर दोष टाइल्सखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे.

फसगत मुख्यतः दोन ठिकाणी होते. लोणा (पांढरी खारट भुकटी) लागलेल्या गिलाव्यातले क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे गळती थांबून भिंत बरीच वाळली तरी आकडा चढाच दिसतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला की क्षार विरघळून परत आत मुरतात. दुसरी जागा बीम आणि विटांच्या सांध्यावरची चिकन मेश, म्हणजे गिलाव्याखालची तारेची जाळी. पिना जाळीला टेकल्या की आकडा एकदम टोकाला जातो. बाहेरच्या भिंतीला चीर पडते तीही बहुधा याच सांध्यावर, म्हणून तिथे दोन-तीन इंच वर-खाली सरकून पुन्हा टोचून पाहा.

मोठी उणीव म्हणजे पिना जेमतेम 8-10 मिमी आत जातात. कपाटामागची बुरशी हवेतल्या दमटपणाची की भिंतीतल्या पाण्याची, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी पिनांइतक्याच अंतरावर इंच-दीड इंच खोल दोन भोकं पाडा, दोन खिळ्यांना टोकाचे 5 मिमी सोडून हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी, वीजरोधक) चढवा, ते आत बसवून त्यांच्या डोक्यांना पिना टेकवा. नळी नसेल तर पृष्ठभागाचीच ओल मोजली जाते. आत कोरडं आणि वर ओलं असेल तर कपाट चार इंच पुढे ओढून हवा खेळती ठेवणं हाच उपाय. आतला आकडा जास्त असेल तर पाणी भिंतीतच आहे. स्विचबोर्डच्या वर-खाली आणि नळांच्या रेषेत भोकं पाडू नका.

टाइल्सवर हा मीटर निरुपयोगी, पिना घुसतच नाहीत. घेताना पिना बदलता येतात का आणि टोपणात मीटर नीट चालतो का ते तपासायचे संपर्कबिंदू आहेत का, एवढं बघा. दुरुस्तीनंतर दर पंधरवड्याला त्याच खुणांवर मोजत राहा. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात. आकडे कोरड्या भिंतीच्या जवळ येऊन दोन वेळा स्थिर राहिले की मगच पुट्टी.