पलंगावरून बाथरूम दिसतं, तेव्हा

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. माझी ८४ वर्षांची आई आता रात्री स्वतः उठून बाथरूमला जाते. दीड वर्ष डायपरवर होती. हा बदल घडला तो ती राहते ती नर्सिंग विंग नव्याने बांधल्यामुळे.

खुब्याचं हाड मोडल्यावर ज्येष्ठांच्या संकुलातल्या आपल्या फ्लॅटमधून ती तिथल्याच नर्सिंग विंगमध्ये आली. विंग जुनी होती. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, एका टोकाला सिस्टरांचं टेबल. एका खोलीत दोन पलंग, आणि बाथरूम कपाटाच्या पलीकडे, कोपऱ्यात. पडल्या जागेवरून ते दिसायचंच नाही. आईला विस्मरण सुरू झालंय. जे डोळ्यांसमोर नाही ते तिच्या लेखी नसतंच. बेल वाजवायची, रात्रपाळीच्या मावशी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाहून येईपर्यंत उशीर व्हायचा, मग कपडे बदलणं, मग आईचं रडणं. शेवटी डायपर लावला. त्यात मावशींचा काही दोष नव्हता, माणसंच कमी होती.

नव्या विंगमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे आणि उशीवर डोकं ठेवलं की बाथरूमचं दार समोर. दार सरकतं, रात्री अर्धं उघडंच ठेवतात. पाय जमिनीला लागले की पलंगाखालचा मंद दिवा लागतो. पांढऱ्या कमोडला गडद निळी सीट बसवली आहे. मला वाटलं होतं रंगसंगती असेल, पण सिस्टरांनी नीट समजावून सांगितलं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते; विशीच्या मानाने साठीतच जेमतेम एक तृतीयांश उजेड आत पोचतो. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड अशा डोळ्यांना वेगळा दिसतच नाही. हे ऐकल्यावर जुन्या विंगच्या दारातलं काळं पायपुसणं आठवलं. आई दर वेळी त्याच्या अलीकडे थबकायची आणि माझा दंड घट्ट धरायची. मी म्हणायचे, ‘अगं चल ना, काय झालं?’ तिला तिथे खड्डा दिसत होता, हे मला आत्ता कळलं. किती वेळा ओढलं असेल मी तिला.

बारा खोल्यांचं मिळून एक घर, मधे बैठक आणि उघडं स्वयंपाकघर, अशी आता रचना आहे. अमेरिकेत टुपेलो या गावी २००३ मध्ये ‘ग्रीन हाउस’ नावाने अशी छोटी घरं सुरू झाली, तोच विचार इथे वापरलाय. कॉरिडॉर गेल्यामुळे मावशींची पायपीट वाचली आणि तो वेळ पेशंटच्या वाट्याला आला. बेल थेट त्यांच्या फोनवर वाजते, त्यामुळे रात्रीचा गोंगाटही गेला. खिडक्या खाली आणल्यात, पडल्या पडल्या झाड दिसतं.

आता बांधकामाच्या काळाबद्दल, कारण तिथे व्यवस्थापन कमी पडलं. काम दोन टप्प्यांत, माणसं तिथेच ठेवून केलं. ते मान्य; एवढ्या आजारी माणसांना दुसरीकडे कुठे नेणार? पण तात्पुरत्या खोलीत हलवणार हे आम्हाला गुरुवारी संध्याकाळी सांगितलं आणि शनिवारी हलवलं. विस्मरण असलेल्या माणसाला नवी खोली अंगवळणी पडायला आठवडे लागतात. आई तीन आठवडे पिशवी भरून दाराशी उभी राहायची. आधीपासून रोज थोडा वेळ त्या खोलीत नेऊन बसवलं असतं, तिची रजई, तिचं घड्याळ आधीच तिथे मांडलं असतं, तर हे बरंचसं टळलं असतं.

दुसरं धुळीचं. तोडफोडीच्या बाजूला नुसता प्लॅस्टिकचा पडदा लावला होता, तोही मजूर येता-जाता बाजूला सारायचे. जुन्या भिंतींच्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे कण उडतात आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या फुप्फुसात ती जीवघेणी ठरू शकते. आम्ही सात-आठ घरच्यांनी मिळून लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे पक्की आडभिंत आणि हवा बाहेर खेचणारे पंखे आले. हे पहिल्या दिवशीच हवं होतं. पाण्याबाबत मात्र त्यांनी काळजी घेतली. बंद खोल्यांच्या पाइपात पाणी साचून न्यूमोनिया करणारे लेजिओनेलाचे जंतू वाढू नयेत म्हणून दर आठवड्याला नळ सोडून ठेवायचे. इंजिनिअरसाहेबांनी मला तारीखवार रजिस्टर उघडून दाखवलं.

पेशंटला पलंगावरून उचलून हलवणाऱ्या यंत्राची छताला लावलेली पट्टी बारापैकी चारच खोल्यांत आहे. बाकी आठ खोल्यांत मावशींच्या कमरेवरच भार येतो. हे मला खटकतं.

आणि बागेच्या दाराचा उंबरा. बाग सुंदर आहे, वाट सपाट आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत. पण काचेच्या दाराखाली बोटभर उंचीची धातूची पट्टी राहिली आहे आणि आईच्या वॉकरची पुढची चाकं तिथेच अडतात. रात्री एकटी बाथरूमला जाणारी बाई सकाळी त्या दाराशी कोणीतरी येऊन वॉकर उचलेल याची वाट बघत उभी असते. मी दोनदा लिहून दिलंय. तेवढी पट्टी या महिन्यात काढा.