ट्रॅकसाठी जुनी एमजीबी: मूळ गिअरबॉक्स बांधायचा की पाच गिअरचा बसवायचा?

पाचवा गिअर हवा म्हणून ट्रॅकच्या गाडीचा गिअरबॉक्स बदलू नका. एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारला मागे ३.९ चा अ‍ॅक्सल (चौथ्या गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिन ३.९ वेळा फिरतं) असेल तर चौथ्या गिअरमध्ये दर हजार आरपीएमला ताशी सुमारे २९ किमी वेग मिळतो, म्हणजे ६,००० वर १७० च्या पुढे. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या छोट्या ट्रॅकवर ९५ हॉर्सपॉवरची गाडी तिथवर पोचायच्या आतच ब्रेकवर पाय जातो. पाचवा गिअर तिथे नुसता वजनाला राहतो.

तरीही गिअरबॉक्स बदलण्याला एक खरं कारण आहे, आणि ते खालच्या आकड्यांत दिसतं. आकडा म्हणजे रेशो: गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं. सिंक्रो म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणारी रिंग.

| गिअरबॉक्स | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| एमजीबी, चारही गिअर सिंक्रो | ३.४४ | २.१७ | १.३८ | १.०० | – |
| फोर्ड टाइप ९ | ३.६५ | १.९७ | १.३७ | १.०० | ०.८२ |
| माझदा एमएक्स-५ | ३.१४ | १.८९ | १.३३ | १.०० | ०.८१ |

पहिला गिअर ट्रॅकवर फक्त निघताना लागतो, बाकी सगळा खेळ दुसरा, तिसरा आणि चौथा या तिघांचा. एमजीबीत दुसऱ्यातून तिसरा ६,००० वर टाकला की इंजिन सुमारे ३,८०० वर येतं. टाइप ९ मध्ये ते ४,१७० च्या आसपास थांबतं आणि माझदात ४,२०० च्या थोडं वर. हा साडेतीनशे-चारशे आरपीएमचा फरक तुम्ही विकत घेत असता.

तो घ्यायचा की नाही हे इंजिन ठरवतं. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क ३,००० वरच मिळतो, त्यामुळे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचाच असेल तर ३,८०० वर उतरूनही गाडी जोरात ओढते. चार हजारांच्या पुढेच जीव धरणारा रेसचा कॅम घातला असेल, तर मात्र दर लॅपला दुसऱ्यातून तिसरा टाकला की गाडी मरगळते. म्हणून आधी इंजिनाचा निर्णय करा आणि मगच गिअरबॉक्सच्या पैशांना हात घाला.

मूळ गिअरबॉक्सच्या बाजूने मी बोलतो ते बेळगावात बसून, आणि त्याला कारण आहे. उद्यमबागेत ओतकामापासून गिअर कापण्यापर्यंत सगळं चालतं. घासलेला ले शाफ्ट (गिअरबॉक्सच्या आतला जोडीचा दांडा) नव्याने बनवून हार्डनिंग आणि ग्राइंडिंग करून घ्यायचा असेल तर गाव सोडावं लागत नाही, फक्त नमुना आणि माप नीट द्यायला हवं. बाहेरून मागवायचे ते सिंक्रो रिंग, बेरिंगचा संच आणि सील. पार्सल हलकं, त्यामुळे वाहतूकही कमी. रेसचा कॅम असेल तर याच केसिंगमध्ये जवळच्या रेशोचा गिअर सेट बसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्यातली दरी बुजते. सरळ दात्यांचा सेट घेतलात तर गाडी रडल्यासारखा आवाज करते. ट्रॅकवर त्याचं काही वाटत नाही, कॉलेज रोडवरून फिरवायची असेल तर विचार करा.

आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क २ पासून पहिल्या गिअरलाही सिंक्रो आला. त्याआधीचा बॉक्स हाती असेल तर भागांची यादी वेगळी बनते. लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे बसणारं, वेग वाढवणारं जास्तीचं गिअर युनिट) असेल तर तो काढून टाकू नका. तो तिसऱ्यावरही चालणारा असेल तर तिसरा आणि चौथा यांच्यामध्ये १.१३ चा जास्तीचा गिअर फुकट मिळतो. (१९७७ पासून तो फक्त चौथ्यावर ठेवला गेला.) तेलाचंही मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा: या बॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच घालायचं. सवयीने ईपी ९० हे गिअर ऑइल ओतलं तर सिंक्रोच्या पितळी रिंगांचं आयुष्य कमी होतं.

फोर्ड टाइप ९ चं बेलहाऊसिंग (इंजिनाला जोडणारं पुढचं कवच) वेगळं निघतं, म्हणून जुन्या इंग्लिश गाड्यांत तो सर्रास बसवला जातो आणि एमजीबीसाठी त्याची तयार किट मिळतात. डोकं कमी लागतं, पैसे जास्त. आयात शुल्क किटच्या किमतीवरच नव्हे तर वाहतूक आणि विमा धरून लागतं, आणि त्या सगळ्यावर पुन्हा आयजीएसटी. इंग्लंडमधल्या किमतीला पौंडाचा भाव लावून बजेट काढलं तर ते पहिल्याच महिन्यात कोलमडतं.

माझदाचे गिअर तिघांत सगळ्यात गोड पडतात आणि बॉक्सही हलका आहे. पण तो मिळतो तो वापरलेलाच, आणि वापरलेले सुटे भाग आयात करायला डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते. शिवाय त्याचं बेलहाऊसिंग केसिंगला जोडूनच ओतलेलं असतं, आणि मूळ गाडीत तो एका लांब फ्रेमने डिफरन्शियलला बांधलेला असल्यामुळे मागचा माउंटिंग नव्याने करावा लागतो. देशातच कायदेशीर कागदांसह मिळाला तरच याच्या वाटेला जा.

आपल्याकडचे लोक हमखास सुचवतात तो चौथा पर्याय म्हणजे काँटेसा किंवा अ‍ॅम्बॅसॅडर १८०० चा इसुझू पाच गिअरचा बॉक्स. सूचना चांगली आहे. ते इंजिनही १.८ लिटरचंच, त्यामुळे बॉक्सला एमजीबीचा टॉर्क झेपतो. जिप्सीच्या बॉक्सबद्दल मला तो भरवसा नाही, तो १.३ लिटरसाठी बनलेला आहे आणि एमजीबी सुमारे १५० न्यूटन मीटर टॉर्क देते. पण इसुझूसाठी अ‍ॅडॅप्टर प्लेट बनवावी लागते आणि खरी परीक्षा तिथेच असते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य डायल लावून ०.१ मिमीच्या आसपास जुळवायला हवा. नुसते होल जुळले म्हणून बोल्ट आवळले तर काही दिवसांत क्रँकच्या टोकातलं पायलट बेरिंग आणि पुढचं सील जातं, आणि एमजीबीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. दर वेळी चेन ब्लॉक लावून इंजिनासकट वर काढावा लागतो. एका चुकीमुळे होणारा खर्च मजुरीत दुप्पट होतो तो असा.

समजा हातात ३ लाख आहेत. त्यातले ६० हजार बाजूला काढा आणि गाडी ट्रॅकवर धावेपर्यंत त्यांना हात लावू नका. उरलेल्यात मूळ बॉक्स बांधला तर क्लच, ब्रेक पॅड आणि टायरला पैसे शिल्लक राहतील असं मी धरतो. नवं किट घेतलं तर बहुतेक राहणार नाहीत. इसुझूचा बॉक्स स्वस्त मिळतो, पण त्याच्यामागे अ‍ॅडॅप्टर, दोन्हीकडच्या स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) जुळणारी क्लच प्लेट, क्रॉसमेंबर, गिअर लिव्हरची जागा, स्पीडोमीटरची केबल आणि प्रोपेलर शाफ्ट अशी रांग लागते. मी स्वतः मूळ चार गिअरचाच बॉक्स बांधेन, आणि ओव्हरड्राइव्ह असलेला मिळाला तर डोळे मिटून.

माझं मत एकाच परिस्थितीत बदलतं. ट्रेलर न लावता गाडी स्वतःच्या चाकांवर बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायची असेल, तर साडेआठशे किमीच्या आसपासचा प्रवास चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० ने करताना इंजिन ३,४०० च्या वर ओरडत राहतं. ०.८२ च्या पाचव्यात ते २,८०० वर येतं. एवढ्या लांब जायचं असेल तर टाइप ९ किंवा इसुझू घ्या आणि ओव्हरड्राइव्ह असेल तर काहीच बदलू नका. यापैकी कोणताही दुसरा बॉक्स बसवलात तर प्रोपेलर शाफ्ट कापायचं माप गाडी जॅकवर असताना घेऊ नका. ती चारही चाकांवर पूर्ण वजनाने उभी असताना घ्या, शाफ्टला आत-बाहेर सरकायला जागा सोडा, आणि वेल्डिंगनंतर बॅलन्सिंग केल्याशिवाय तो गाडीत चढवू नका.