उद्याचा ब्रिटिश धावपटू ओळखायचा कसा: वेळांची यादी की वयोगटाची अंतिम फेरी?

ब्रिटनमधील अ‍ॅथलेटिक्स मन लावून पाहणाऱ्याला दर हंगामाच्या तोंडावर एक निवड करावी लागते. आज फारसे कोणाला ठाऊक नसलेले, पण एक-दोन वर्षांत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दिसतील असे खेळाडू हेरायचे असतील, तर भरवसा कशावर ठेवायचा? हंगामातील सर्वोत्तम वेळांच्या क्रमवारीवर, की वयोगटाच्या स्पर्धांमध्ये कोण जिंकले यावर? ऑगस्ट २०२६ ची युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर स्टेडियमला मिळाल्यापासून इंग्लंडात स्थायिक झालेले काही मराठी स्नेही मला हा प्रश्न आवर्जून विचारू लागले आहेत. अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ज्या ट्रॅकवर स्टीपलचेसचे रौप्य मिळवले आणि सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले, तो हाच ट्रॅक असल्याने त्यांची उत्सुकता समजण्यासारखी आहे. या दोन्ही पद्धती मी बरेच हंगाम वापरल्या आहेत, आणि आता माझा कल एका बाजूला झुकला आहे.

यादीचे गुण आधी मान्य करायला हवेत. ‘पॉवर ऑफ टेन’ या क्रमवारीमुळे ब्रिटनमधील जवळपास प्रत्येक क्लबच्या मुलामुलींची कामगिरी वयोगटानुसार आणि वर्षानुसार पाहता येते, आणि अशी सोय लाभलेले देश फार नाहीत. एखाद्या मुलीची वेळ तीन वर्षांत कशी सुधारत गेली, किंवा आज नावाजलेली धावपटू त्याच वयात किती वेगाने धावत होती, हे घरबसल्या ताडून पाहता येते. ज्याला स्टेडियमवर जायला सवड नाही, त्याच्यासाठी ही यादी हाच उत्तम मार्ग आहे, हे मी मनापासून म्हणतो. १०० आणि २०० मीटरच्या बाबतीत तर ती पुष्कळच विश्वासार्ह असते, कारण वाऱ्याच्या वेगाची नोंद शेजारीच असते आणि डावपेचांना तेथे फारसा वाव नसतो. २०२४ मध्ये शेफील्डच्या लुई हिंचलिफने ह्यूस्टन विद्यापीठातर्फे धावत ९.९५ सेकंदांत अमेरिकन विद्यापीठांचे १०० मीटरचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्याची दखल घ्यायला आणखी कोणताही पुरावा शोधावा लागला नाही. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रिलेचे कांस्य मिळवणाऱ्या संघात तो होता.

तरीही एका गोष्टीने मला यादीपासून दूर नेले. यादी गैरहजेरी दाखवत नाही. मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी झालेली एक उत्तम शर्यत खेळाडूला वर्षअखेरपर्यंत पहिल्या स्थानावर बसवून ठेवते. मधल्या काळात त्याची पोटरी दुखावली, पायाच्या हाडावर ताण आला किंवा सरावच बंद पडला, तरी त्याचे नाव तसूभरही खाली येत नाही. मी वसंतात वहीत उतरवून ठेवलेली नावे जूनअखेरच्या राष्ट्रीय निवड स्पर्धेच्या प्रवेशयादीत शोधायला लागलो की त्यांतली बरीच सापडत नसत, आणि का सापडत नाहीत याचे उत्तर क्रमवारीच्या तक्त्यात कोठेच नसे. पाठोपाठ काही हंगाम हाच अनुभव आल्यावर तो तक्ता मला अपुरा वाटू लागला. दुसरे कोणी याकडे किरकोळ बाब म्हणून पाहील. माझ्यासाठी मात्र निर्णय येथेच झाला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मॅक्स बर्गिनचे आहे. हॅलिफॅक्सच्या या ८०० मीटर धावपटूने जून २०२२ मध्ये तुर्कू येथे १:४३.५२ ही वेळ नोंदवली आणि तो त्या वर्षीच्या तोवरच्या जागतिक यादीत अव्वल ठरला. जुलैत यूजीनला जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पोटरीतील रक्ताच्या गुठळीमुळे त्याला माघार घ्यावी लागली. सुवर्णपदक १:४३.७१ या वेळेत गेले, म्हणजे यादीतील बर्गिनचा आकडा विजेत्याच्या वेळेपेक्षाही सरस होता. नुसती यादी वाचणाऱ्याला त्या उन्हाळ्यात ब्रिटनकडे जगातील सर्वांत वेगवान ८०० मीटर धावपटू होता एवढेच कळेल, आणि तो सुरुवातीच्या रेषेवर उभाच राहू शकला नाही हे कळणार नाही. पुढच्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनला या शर्यतीत पदक मिळाले ते बेन पॅटिसनच्या कांस्याच्या रूपाने, आणि त्याच्यावर काही वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती.

वेळा ज्या परिस्थितीत नोंदवल्या जातात, तिचाही थोडा विचार करावा. ट्रॅकच्या आतल्या कडेला ठरलेल्या गतीने पुढे सरकणारे हिरवे दिवे, पहिली फेरी ओढून देणारा वेगनियंत्रक आणि गेल्या काही वर्षांत आलेले नव्या फोमचे स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) यांमुळे २०१५ ची वेळ आणि २०२५ ची वेळ एकाच तराजूत घालता येत नाही. यादीत मात्र दोन्ही एकाखाली एक छापलेल्या असतात.

आता दुसरी पद्धत. इंग्लिश स्कूल्स ही शाळकरी मुलांची स्पर्धा १९२५ पासून चालत आलेली आहे आणि तिच्यात मुले आपापल्या काउंटीच्या रंगांत उतरतात. तिच्याबरोबर १८ आणि २० वर्षांखालील युरोपियन स्पर्धा, तसेच २० वर्षांखालील जागतिक स्पर्धा धरल्या की वयोगटाचे पुरेसे स्पष्ट चित्र उभे राहते. येथे मला जे दिसते ते आकड्यांत उतरत नाही. अलेक्झांडर स्टेडियमवर मुलींच्या ८०० मीटरच्या एका अंतिम फेरीत यादीतील सर्वांत वेगवान मुलगी पहिल्या वळणानंतर ठरलेली लेन सोडण्याची मुभा मिळताच आतल्या कडेला शिरली आणि तेथेच कोंडली गेली. पुढे दोघी, उजवीकडे एक, मागून एकीचा स्पाइक टाचेला लागतो आहे, अशा अवस्थेत तिने शेवटच्या फेरीची घंटा ओलांडली, आणि वाट मोकळी झाली तोवर शर्यत निघून गेली होती. यादीत बरीच खाली असलेली एक मुलगी मात्र घंटेच्या आधीच दुसऱ्या लेनच्या रेषेवर सरकली होती. वळणावर चार पावले जास्त धावावी लागली तरी तिने ती जागा सोडली नाही, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात तिला अडवायला कोणी उरले नाही. दोघींपैकी कोण पुढे जाईल असे मला कोणी विचारले असते, तर मी दुसरीचे नाव घेतले असते. वरिष्ठ स्पर्धांत पदके मिळतात ती अशाच शर्यतींत, तीन-चार दिवसांत प्राथमिक, उपांत्य आणि अंतिम अशा तीन फेऱ्या पार करून.

या पद्धतीचा मोठा दोष असा की लवकर वयात येणारी मुले शाळकरी स्पर्धांत सहज पुढे असतात, आणि बाकीच्यांची वाढ झाली की त्यांची आघाडी ओसरते. पदक खरे असले तरी त्याने दिलेले आश्वासन दर वेळी पुरे होतेच असे नाही. जोडी विल्यम्सने २००९ मध्ये जागतिक युवा स्पर्धेत १०० आणि २०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके जिंकली आणि पुढच्याच वर्षी मॉन्क्टनला २० वर्षांखालील १०० मीटरचे विश्वविजेतेपदही मिळवले. तिची कारकीर्द मानाची झाली, परंतु ऑलिंपिकची वैयक्तिक अंतिम फेरी तिला अकरा वर्षांनी टोकियोत लाभली, आणि तीही ४०० मीटरमध्ये. चार्ली डॉब्सननेही २०१८ मध्ये टॅम्पेरेला २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत २०० मीटरचे रौप्य मिळवले होते. दुखापतींची वर्षे मागे टाकून तो वर आला तो ४०० मीटरमध्ये, आणि २०२५ मध्ये लंडनला ४४.१४ सेकंदांत जिंकला. म्हणून वयोगटाच्या पदकावर विसंबणाऱ्याने धीर धरावा, आणि शर्यत बदलण्याची शक्यता मनात ठेवावी, असे मी सुचवीन.

या दोषावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. पदकाच्या रंगापेक्षा खेळाडू आपल्या वयोगटात धाकटा होता की थोरला, हे आधी पाहावे. २०१९ च्या बोरोस येथील २० वर्षांखालील युरोपियन स्पर्धेत कीली हॉजकिन्सनला ८०० मीटरमध्ये कांस्य मिळाले. नुसत्या निकालात ती तिसरी दिसते. पण ती तेव्हा १७ वर्षांची होती आणि त्या वयोगटात तिची आणखी दोन वर्षे बाकी होती. आदल्या वर्षी ग्योर येथे तिने १८ वर्षांखालील गटात सुवर्ण मिळवले होते. २०२१ च्या जानेवारीत व्हिएन्नाला तिने इनडोअर ८०० मीटर १:५९.०३ मध्ये धावून २० वर्षांखालील जागतिक विक्रम केला तेव्हा यादी पाहणारे सावध झाले; स्पर्धा पाहणाऱ्यांना ती त्याआधीच परिचित झालेली होती. त्याच वर्षी टोकियोत १:५५.८८ ही वेळ नोंदवून तिने केली होम्सचा १९९५ चा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि रौप्य घेतले. पॅरिसचे सुवर्ण त्यानंतरचे.

येथे माझ्या पसंतीच्या पद्धतीविरुद्ध एक रास्त आक्षेप येतो. बर्गिनचाही जन्म हॉजकिन्सनसारखाच २००२ चा, त्यानेही ग्योरला सुवर्ण जिंकले, आणि बोरोसला तर हॉजकिन्सनला कांस्य मिळाले तेथे त्याला मुलांच्या गटात सुवर्ण मिळाले. मग वयोगटाच्या निकालांनी त्या दोघांत फरक तरी काय दाखवला? तेथे दाखवला नाही, हे खरे. फरक पुढच्या वर्षांत दिसला: हॉजकिन्सन त्या काळात मोठ्या स्पर्धांच्या फेऱ्या धावत राहिली, आणि बर्गिनचे हंगाम दुखापतींनी तुटत गेले. २०२४ मध्ये तो पॅरिसच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेच्याही, याचा मला मनापासून आनंद आहे. या जोडीमुळे माझे मत अधिकच पक्के झाले की खेळाडू किती वेगाने धावला याच्या आधी तो किती फेऱ्या धावला हे मोजावे, आणि ते स्पर्धेच्या निकालपत्रातच सापडते.

फेकीच्या प्रकारांत आणि अडथळ्यांच्या शर्यतीत दोन्ही पद्धती जरा जपून वापराव्यात. २० वर्षांखालील मुलांचा गोळा ६ किलोचा आणि वरिष्ठांचा ७.२६ किलोचा असतो. अडथळ्यांची उंचीही वाढते. वजन बदलल्यानंतरचे पहिले दोन हंगाम पाहिल्याशिवाय मी तेथे कोणाचे नाव घेत नाही.

जॉर्जिया हंटर बेल मात्र कोणत्याच पद्धतीच्या हाती लागली नसती. शाळकरी वयात नाव कमावलेली ही धावपटू अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातून परतल्यावर ट्रॅकपासून दूर गेली, सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी करू लागली, पार्करन या बागांतल्या मोफत साप्ताहिक धावेतून पुन्हा धावण्याकडे वळली आणि वयाच्या ३० व्या वर्षी पॅरिसमध्ये १५०० मीटरचे कांस्य ३:५२.६१ या राष्ट्रीय विक्रमासह घेऊन गेली. एखादी धावपटू खेळ सोडून परत येईल की नाही, हे यादीही सांगत नाही आणि निकालपत्रही.

आजच्या नावांपैकी दोन मला महत्त्वाची वाटतात. फीबी गिलने मे २०२४ मध्ये बेलफास्टला १:५७.८६ मध्ये ८०० मीटर धावून १८ वर्षांखालील मुलींचा १९७९ पासूनचा युरोपियन विक्रम मोडला, तेव्हा यादीने तिला एका रात्रीत वर आणले. मला खात्री पटली ती पुढच्या महिन्यात मँचेस्टरला, जेव्हा १७ व्या वर्षी तिने जेमा रीकीसारख्या अनुभवी धावपटूला मागे टाकून राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. तिच्याबाबत मी घाई करणार नाही. सलग एक पूर्ण हंगाम तिला धावताना पाहायचे आहे.

डेव्हनच्या इनिस फिट्झजेराल्डविषयी मात्र मला फारशी शंका वाटत नाही. २०२५ मध्ये लंडनला तिने ५००० मीटर १४:३९.५६ मध्ये धावून झोला बडचा १९८५ चा आकडा मागे टाकला आणि २० वर्षांखालील युरोपियन विक्रम केला, म्हणजे यादी तिच्या बाजूने आहेच. पण त्याच उन्हाळ्यात टॅम्पेरेच्या २० वर्षांखालील युरोपियन स्पर्धेत तिने ३००० आणि ५००० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली, आणि त्याआधीच्या हिवाळ्यात अंताल्याला २० वर्षांखालील युरोपियन क्रॉस-कंट्रीचे विजेतेपदही. क्रॉस-कंट्रीच्या वेळा कोणत्याच क्रमवारीत धरल्या जात नाहीत, कारण चढ, चिखल आणि वळणे प्रत्येक मैदानाची वेगळी असतात. जी धावपटू डिसेंबरमध्ये तेथे जिंकते, जुलैत ट्रॅकवर विक्रम करते आणि ऑगस्टमध्ये एकाच स्पर्धेत दोन अंतरे जिंकते, तिचे शरीर वर्षभराचा भार सोसते आहे, आणि यादीत मला जे कधीच सापडत नव्हते ते नेमके हेच. ज्यांना वहीत एकच नाव लिहायचे असेल, त्यांनी तिचे लिहावे.